गिअरबॉक्सच्या मागची पेटी

गाडीच्या मागे '४ × ४' असं लिहिलेलं आपण सगळेच बघतो. त्याचा अर्थ विचारला तर "चारही चाकं फिरतात" हे उत्तर फर्स्ट इयरचा मुलगाही देतो. पण इंजिन एक, गिअरबॉक्स एक, मग ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलकडे जाते कशी? व्हायव्हामध्ये हा प्रश्न आला की बहुतेकांची गाडी न्यूट्रलमध्ये जाते! उत्तर असतं गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेल्या एका लोखंडी पेटीत. पुस्तकात तिला ट्रान्सफर केस म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ती नुसती 'पेटी'.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत अशीच एक पेटी मी पूर्ण खोलून पुन्हा जोडली. एकटीने नाही, एका अनुभवी मिस्त्रींच्या हाताखाली. पेटी होती माझ्या मामाच्या जुन्या पिकअपची. जीपच्या चॅसीवर मागे हौदा बांधलेली ही महिंद्रा १९८०च्या दशकातली आहे. मामाची वाडी राधानगरी तालुक्यात, डोंगराच्या वरच्या अंगाला. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर लाल मातीचा उतार. पावसाळ्यात त्या उतारावर साधा टेम्पो चढत नाही. रोज पहाटे वाडीचं दूध या पिकअपमधून खाली जातं. गाडी बंद म्हणजे कॅन डोक्यावर, आणि उशीर झाला की दूध परत. त्यामुळे काम मृगाच्या आत पुरं होणं भाग होतं.

या कामातून एक गोष्ट मला पक्की समजली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख. 'रीबिल्ड' म्हणजे जुने पार्ट काढून नवे टाकणं नव्हे. कोणता जुना पार्ट अजून चांगला आहे आणि कोणता नाही, हे मोजून ठरवणं म्हणजे रीबिल्ड. पाना कुणीही फिरवू शकतो, निर्णय घेणं कठीण असतं.

पेटी काय काम करते?

पहिलं काम वाटणीचं. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पेटी मागच्या ॲक्सलला देते, आणि लिव्हर टाकला की पुढच्यालाही. जुन्या जीपच्या पेटीत मधला डिफरन्शियल नसतो. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीतून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग शाफ्ट पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर अडकून बसतो. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की पीळ सुटतो. म्हणूनच जाणते ड्रायव्हर डांबर लागलं की आधी फोर व्हील काढतात.

दुसरं काम 'लो' देण्याचं. पेटीत दोन रेंज असतात. 'हाय'मध्ये वेग बदलत नाही, जसा आला तसा पुढे जातो. 'लो'मध्ये वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात टॉर्क वाढतो. अमेरिकेतल्या सिव्हिलियन जीपमध्ये हे प्रमाण २.४६ होतं. पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरने जाणारी गाडी इंजिनच्या त्याच फेऱ्यांवर लोमध्ये ४ किलोमीटरने जाईल. चढावर याचा फायदा कुणालाही कळतो. पण लोचं खरं मोल उतरताना आहे. भरलेली गाडी ओल्या उतारावर नुसत्या ब्रेकवर आणली तर चाकं लॉक होऊन गाडी घसरते. लोमध्ये इंजिनच तिला धरून ठेवतं.

तिसरं काम पुस्तकात फारसं सापडत नाही. या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून पेटीच्या मागच्या शाफ्टवर असतो. म्हणजे उतारावर उभी केलेली गाडी ज्या ब्रेकच्या भरवशावर थांबते, तो पेटीच्या ऑइल सीलपासून दोन बोटांवर असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही पेटी आली कुठून?

आमच्या पिकअपच्या पेटीचं घराणं फार जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून अमेरिकेत विलिज कंपनीने लष्करासाठी जी जीप बनवली, तिच्यात 'स्पायसर १८' नावाची ट्रान्सफर केस होती. युद्धानंतर तीच पेटी नागरी जीपमध्ये आणि विलिजच्या पिकअप ट्रकमध्ये बसली, आणि अमेरिकेत १९७१ पर्यंत ती टिकली. इकडे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्राने १९४९ पासून मुंबईत माझगावमध्ये विलिज जीपची जोडणी सुरू केली. गाडीबरोबर पेटीही आपल्याकडे आली आणि इथल्या मिस्त्रींच्या हातात रुळली.

पुढे अमेरिकन पिकअपमध्ये वेगळ्या जातीच्या पेट्या आल्या. 'एनपी २०५' ही बिडाच्या केसची आणि गिअरवर चालणारी, भयंकर मजबूत. नंतरची 'एनपी २०८' ॲल्युमिनियमच्या केसची, आत गिअरऐवजी साखळी. साखळीची पेटी हलकी असते, आवाजही कमी करते. पण तिथे तपासायच्या गोष्टी बदलतात: साखळी ताणली आहे का, आतला छोटा ऑइल पंप झिजला आहे का. आमच्या पेटीत साखळी नाही आणि पंपही नाही. फिरणारे गिअरच तळातलं ऑइल उडवतात, त्यावर सगळं चालतं.

मधल्या गिअरचं दुखणं

पेटीची रचना सोपी आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एक गिअर असतो. तो मधल्या गिअरला फिरवतो आणि मधला गिअर खालच्या आउटपुट शाफ्टवरच्या गिअरला. हाय असो वा लो, सगळी ताकद या मधल्या गिअरमधूनच जाते. त्याला विश्रांती नाही. हा गिअर नीडल बेअरिंगवर एका शाफ्टभोवती फिरतो, पण तो शाफ्ट मात्र स्वतः फिरत नाही. मागच्या बाजूला एक लॉक पट्टी त्याला जागेवर धरून ठेवते.

आता थिअरी ऑफ मशीन्स आठवा. मधला गिअर, म्हणजे आपला 'आयडलर', दोन्ही बाजूंनी दाबला जातो. वरचा गिअर त्याला ढकलतो. खालचा गिअर फिरायला विरोध करतो, तोही त्याला ढकलतो. हे दोन दाब एकमेकांना खोडून टाकतील असं वाटतं, पण फ्री बॉडी डायग्राम काढली की उलटं दिसतं. दोन्ही टॉर्क विरुद्ध दिशांचे हवेत, म्हणून गिअरच्या दोन बाजूंवर लागणारे स्पर्शरेषेतले बल एकाच दिशेचे ठरतात. तिन्ही केंद्रं एका रेषेत असतील तर शाफ्टवर बरोबर दुप्पट बल येतं. आमच्या पेटीत केंद्रं थोडी वाकड्या रेषेत आहेत, पण मुद्दा तोच.

शाफ्ट फिरत नाही, म्हणजे हे बल वर्षानुवर्षं शाफ्टच्या एकाच बाजूवर पडतं. फिरणाऱ्या शाफ्टची झीज सगळीकडे वाटली जाते. इथे एकच पट्टा सगळं सोसतो. शेवटी त्या पट्ट्यावरचा कडक थर उखडायला लागतो आणि त्याचे कण ऑइलमधून सगळ्या पेटीत फिरतात. ही पेटी आजारी पडली की पहिला संशय या शाफ्टवर घ्यायचा.

खोलण्याआधी काय बघावं?

मामाच्या तक्रारी तीन होत्या. एक, उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की लो आपोआप निसटतो. दोन, पेटी किंचाळते. तीन, हँडब्रेक धरत नाही. मामाच्या मते ही तीन वेगळी दुखणी होती. मिस्त्री म्हणाले, "ताई, दुखणं एकच हाय. गिअर उगाच वरडत न्हाई, त्याच्या पोटातलं बेरिंग त्याला वरडायला लावतंय."

तिन्ही तक्रारी एका धाग्यात अशा येतात. शाफ्ट आणि बेअरिंग झिजल्याने मधला गिअर तिरका होतो. तिरक्या गिअरचे दाते पूर्ण रुंदीने भिडत नाहीत, म्हणून आवाज. तिरक्या दातांमुळे लोच्या गिअरला बाजूला सरकवणारा जोर तयार होतो, म्हणून लो निसटतो. निसटला की पेटी न्यूट्रलमध्ये, आणि इंजिनची पकड एका क्षणात संपते. भरलेली गाडी, ओला उतार, पुढे वळण. असं मामाच्या बाबतीत दोनदा झालं होतं. आणि त्या क्षणी हाताशी उरलेला हँडब्रेकही कामाचा नव्हता, कारण मागचा शाफ्ट हलत असल्यामुळे सील फाटून ऑइल थेट ब्रेक शूजवर उडत होतं.

खोलण्याआधी आम्ही तीन साध्या परीक्षा केल्या. गाडीखाली जाऊन मागच्या शाफ्टचा फ्लँज धरून वरखाली हलवला. चांगल्या पेटीत हाताला काही जाणवू नये, इथे चक्क 'टक टक' आवाज येत होता. मग ऑइल काढलं आणि त्यातून लोहचुंबक फिरवलं. चुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप जमला तर काळजी नाही, ती रोजची झीज. टोचणाऱ्या चपट्या कपच्या आल्या तर कुठलातरी कडक थर सुटतो आहे. आमच्याकडे कपच्या निघाल्या. शिवाय ऑइलमध्ये उन्हात चमकणारी पिवळी भुकटी होती. ती चुंबकाला चिकटत नाही. मधल्या गिअरच्या दोन्ही बाजूंना कांस्याचे थ्रस्ट वॉशर असतात, ते झिजून ती आलेली.

पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी करताना एक काळजी घ्यावी लागते. गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट पेटीच्या आत शिरलेला असतो. पेटी मागे ओढताना तोही ओढला गेला तर गिअरबॉक्सच्या आतली मांडणी कोसळते आणि नको ते काम वाढतं. मिस्त्रींनी वरचं झाकण काढून शाफ्ट आधी तारेने बांधून ठेवला, आणि मग पेटी सोडवली.

भंगारातली निवड

तळाचं झाकण काढल्यावर कळलं की आमची केसच गेली आहे. लॉक पट्टीचा बोल्ट कधीतरी ढिला झाला असावा. त्यामुळे न फिरणारा शाफ्ट केसमध्ये फिरायला लागला आणि त्याने आपलं भोक लंबगोल केलं. अशा भोकात नवा शाफ्टही डुगडुगणार. शिवाजी उद्यमनगरमध्ये भोक बोअर करून बुश मारून मिळालं असतं, पण दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत राहिली पाहिजेत आणि बाकी शाफ्टपासूनचं अंतरही तेच हवं. तेवढ्या खर्चात जुनी पूर्ण पेटी मिळत होती. म्हणून आम्ही कोल्हापुरातच जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फिरलो.

जुनी पेटी घेताना बाहेरचा रंग बघू नये. भंगारवाला रंग आवर्जून मारतो! मी सोबत व्हर्निअर नेला होता, त्याचा फार उपयोग झाला. या एकाच मॉडेलच्या पेटीत मधल्या शाफ्टची तीन मापं येऊन गेली. युद्धातल्या जीपमध्ये पाऊण इंच, नंतर एक इंच एक सूत आणि १९५०च्या दशकापासून सव्वा इंच. मिलिमीटरमध्ये १९.०५, २८.५८ आणि ३१.७५. शाफ्ट दर वेळी जाड होत गेला, यावरूनच कंपनीलाही कमजोर जागा कोणती ते माहीत होतं हे दिसतं. आमचा शाफ्ट सव्वा इंची. पहिल्या दुकानातली पेटी बाहेरून हुबेहूब आमच्यासारखी होती, शाफ्ट मात्र एक इंच एक सूत निघाला. ती घेतली असती तर आमच्या मापाचा शाफ्ट तिच्यात बसला नसता.

दुसऱ्या पेटीत माप जुळलं. मग हे बघितलं: आउटपुट शाफ्ट हाताने हलतो का, सगळे गिअर अडखळल्याशिवाय फिरतात का, बोल्ट बसायच्या कानांना तडा आहे का, आणि गिअरचे दाते मोजून आमच्याएवढेच भरतात का. तळाचं झाकण काढून आत बॅटरी मारली तेव्हा वरच्या गिअरवर गंज दिसला. पेटीत कधीतरी पाणी शिरलं होतं. दुकानदार म्हणाला, "गंज काय, डिझेलनं पुसा, जातोय." गंज जातो, पण त्याने दातांवर पाडलेले खड्डे जात नाहीत. आम्हाला मात्र गिअर नकोच होते, केस हवी होती, आणि केस उत्तम होती. गंजाकडे बोट दाखवून भाव कमी झाला तो वेगळाच फायदा.

काय ठेवायचं, काय टाकायचं?

आता आमच्यापुढे दोन पेट्यांचे भाग होते. डिझेलने धुऊन सगळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, आणि मी वहीत तीन रकाने केले: ठेवायचं, टाकायचं, मोजून ठरवायचं.

आमचा मधला शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला. टोकाला, जिथे बेअरिंग फिरत नाही तिथे, ३१.७४ मिलिमीटर. मधल्या पट्ट्यावर ३१.६५. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. ऐकायला काहीच नाही, पण नख फिरवलं की पायरी स्पष्ट लागते, आणि तीही एकाच बाजूला. मी विचारलं, "चाचा, अर्धा फिरवून बसवला तर दुसरी बाजू कोरी आहे ना?" ते म्हणाले, "लॉक पट्टीची खाच एकाच बाजूला हाय, ती काय करायची?" दुसरी खाच पाडता येईल, पण झिजलेल्या पट्ट्यातून कपच्या सुटत राहतील त्या राहतीलच. शाफ्ट टाकायच्या रकान्यात गेला. त्याच्याबरोबर नीडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशरही. नव्या शाफ्टवर जुनं बेअरिंग घालणं म्हणजे नव्या पेनात जुनी सुकलेली रिफिल.

गिअर मात्र आमचेच ठेवले. दात्यांवर भिडण्याचा पट्टा एकसारखा होता, थोडे बारीक ठिपके होते, पण कडा शाबूत. इथे एक नियम पाळावा. एकमेकांत फिरणारे गिअर वर्षानुवर्षांत एकमेकांशी जुळून गेलेले असतात. एक आमचा आणि एक भंगारातला अशी जोडी लावली तर आवाज नक्की. म्हणून संच अख्खा ठेवायचा नाहीतर अख्खा बदलायचा.

लोचा गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कची टोकं आमच्या पेटीत झिजली होती, भंगारातल्या पेटीत ती कोरी होती. तो फोर्क घेतला. शिफ्ट रॉडच्या खाचेत बसणारी गोळी आणि तिची स्प्रिंग रॉडला जागेवर धरतात. स्प्रिंग थकली की लो निसटायला आणखी एक निमित्त मिळतं, म्हणून स्प्रिंगा नव्या. ऑइल सील अर्थातच नव्या. फ्लँजवर जुन्या सीलने गोल चर पाडला होता. नवी सील त्याच चरात बसली तर पुन्हा गळणार. मिस्त्रींनी सील किंचित बाहेर बसवली, म्हणजे तिचं ओठ कोऱ्या जागेवर टेकलं. पुस्तकात हे नाही, पण इंजिनिअरिंग हेच आहे.

जोडणी

सर्वांत अवघड जागा मधल्या गिअरची. गिअर, त्याच्या पोटातली बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर हे सगळं तळातून केसमध्ये धरायचं आणि त्याच वेळी मागून शाफ्ट घालायचा. त्यासाठी तिसरा हात लागतो. तो तिसरा हात म्हणजे डमी शाफ्ट. वर्कशॉपच्या लेथवर 'स्टेप टर्निंग'चे जॉब आपण सगळेच करतो आणि ते जॉब पुढे कोणत्या स्वर्गात जातात कुणास ठाऊक. हा जॉब मात्र कामाचा ठरला. मूळ शाफ्टपेक्षा थोडा बारीक आणि गिअर अधिक दोन वॉशर एवढ्याच लांबीचा तुकडा मी टर्न करून घेतला. तो गिअरमध्ये घालायचा, वॉशर घट्ट ग्रीसने चिकटवायचे आणि अख्खा संच केसमध्ये सरकवायचा. मग मागून खरा शाफ्ट पितळी ड्रिफ्टने हळूहळू ठोकायचा. तो आत येतो तसा डमी पुढून बाहेर पडतो. बेअरिंग जागचं हलत नाही. थ्रस्ट वॉशरला एक छोटी जीभ असते, ती केसमधल्या खाचेतच बसली पाहिजे, नाहीतर वॉशर गिअरबरोबर फिरून केस खातो. शेवटी लॉक पट्टी. तिच्या बोल्टला स्प्रिंग वॉशर घातला आणि मिस्त्रींनी तो दोनदा आवळून बघितला, कारण आमच्या जुन्या केसचा घात तिनेच केला होता.

दुसरी नाजूक जागा मागच्या आउटपुट शाफ्टची. हा शाफ्ट दोन टेपर रोलर बेअरिंगवर बसतो. टेपर बेअरिंग फार घट्ट झालं तर तापून जळतं, फार ढिलं राहिलं तर शाफ्ट हलतो, सील फाटते आणि ऑइल पुन्हा ब्रेकवर. म्हणून शाफ्टला पुढेमागे ठरावीक प्ले ठेवायचा असतो: चार ते आठ थाऊ, म्हणजे साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर. तो मिळतो मागचं झाकण आणि केस यांच्यामधल्या पातळ शिम्समधून. शिम वाढवली की प्ले वाढतो, काढली की कमी होतो. नवी बेअरिंग घालून जुन्याच शिम्सवर आवळलं तेव्हा डायल गेजने दोन थाऊ दाखवले. पाच थाऊची एक शिम वाढवली, सात झाले. तिथे थांबलो. एक शिम कागदाएवढी, पण तिच्यावर हँडब्रेक अवलंबून आहे.

शिफ्ट रॉड घालताना स्प्रिंगची गोळी बंदुकीसारखी उडते, म्हणून भोकावर फडकं धरावं. दोन रॉडच्या मध्ये एक छोटी लोखंडी गोळी असते, औषधाच्या कॅप्सूलच्या आकाराची. ती विसरू नये. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये याची जबाबदारी तिच्यावर असते. लोमध्ये वाढलेला टॉर्क एकट्या मागच्या ॲक्सलवर पडला तर तो मोडू शकतो, म्हणून ही सोय. काही हौशी लोक ती मुद्दाम काढतात. दूध वाहणाऱ्या गाडीत असली हौस नको.

शेवटी ऑइल. नव्वद नंबरचं, आणि आत कांस्याचे भाग असल्यामुळे जीएल-४ दर्जाचं. गाडी सपाट जागी उभी करून, बाजूच्या प्लगमधून बाहेर येईपर्यंत भरायचं. हँडब्रेकचे शूज ऑइल प्यायलेले होते, ते धुऊन उपयोग नसतो, नवे लायनर मारले.

परीक्षा

आधी चारही चाकं उचलून स्टँडवर गाडी चालवली, सगळ्या जागांवर लिव्हर टाकून बघितला. मग रिकामी, मग भरलेली. दुधाऐवजी कॅनमध्ये पाणी भरलं होतं. उतारावर लोमध्ये टाकून मामाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. मी शेजारी बसून लिव्हरकडे बघत होते. लिव्हर हलला नाही. तीन फेऱ्या केल्या, तिन्ही वेळा हलला नाही. उताराच्या मध्यावर गाडी थांबवून हँडब्रेक ओढला, गाडी जागेवर. खाली उतरून पेटीला हात लावला, कोमट होती, चटका नव्हता. आवाज अजून आहे. या पेटीत हायमध्येही ताकद गिअरांमधूनच जाते, त्यामुळे ती थोडी गुणगुणणारच. किंचाळणं आणि गुणगुणणं यातला फरक मात्र आता मला कानाने कळतो.

शंभर किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा काढून चुंबक फिरवलं. करडा लेप होता, कपची एकही नव्हती. मृगाला चार दिवस बाकी होते.

जाता जाता

मित्रांनो, एवढ्या जुन्या गाडीत पैसे कशाला घालायचे, असं मला होस्टेलवर बऱ्याच जणींनी विचारलं. हिशोब असा. दोन पेट्यांमधून एक झाली. केस भंगारातली, गिअर आमचे, आणि नवे लागले ते फक्त शाफ्ट, बेअरिंग, वॉशर, सील, स्प्रिंगा, शिम आणि लायनर. यातला एकही भाग मुठीपेक्षा मोठा नाही. बाकीचं लोखंड आधीही चांगलं होतं आणि अजून बरीच वर्षं चांगलं राहील. न मोजता टाकलं असतं तर चांगलं लोखंड भंगारात गेलं असतं. न मोजता ठेवलं असतं तर पुढच्या पावसात लो पुन्हा निसटला असता, आणि त्या वेळी गाडीत कोण बसलेलं असतं ते सांगता येत नाही.

तो झिजलेला शाफ्ट मी फेकला नाही. सरांच्या परवानगीने तो आपल्या ऑटोमोबाईल लॅबमध्ये, खिडकीजवळच्या रॅकवर ठेवला आहे. डोळ्यांना तो सरळ दिसतो. त्यावर एकदा नख फिरवून बघा.